स्टिकर काढलेले सेल

चाळीस वर्षं मी घड्याळं दुरुस्त केली. सेलबद्दल मला कुणी शिकवायला आलं की माझं डोकंच फिरतं. म्हणून तर बायकोच्या कानाच्या मशीनबरोबर आलेला माहितीचा कागद मी न वाचताच टाकून दिला.

त्या मशीनचे सेल मसुरीएवढे, आणि प्रत्येकावर इवलासा स्टिकर. तिची बोटं थरथरतात. दर आठवड्याला "अहो, जरा एवढा काढून द्या ना" ठरलेलं. एक दिवस वैतागलो. होते नव्हते तेवढ्या सगळ्या सेलांचे स्टिकर एका बैठकीत काढले, सेल डबीत भरले आणि म्हटलं, "घे! वर्षभराची कटकट मिटली."

"भारीच हुशार हो तुम्ही," ती म्हणाली. मी आपला फुगलो.

दीड महिन्याने तिच्या थोरल्या बहिणीचा दवाखान्यातून निरोप आला. दोघींमध्ये अकरा वर्षं अबोला. निरोप एवढाच, की ये, मला तुझ्याशी बोलायचंय.

आम्ही धावत गेलो. ही खाटेपाशी बसते न बसते तोच मशीन बंद पडलं. "आत्ता नवा सेल घालून आणतो," म्हणत मी ते तिच्या कानातून काढलं आणि तिच्या पिशवीतली डबी घेऊन बाहेर बाकावर बसलो. एक सेल घातला, मेलेला. दुसरा, तिसरा, तेही मेलेले. मी कसला ऐकतोय! हट्टाने अख्खी डबी संपवली.

शेवटी तिथल्या नर्सबाई थांबल्या. "काका, स्टिकर कधी काढलेत? तो निघाला की हवा लागून सेल सुरू होतो. मग वापरा नाहीतर डबीत ठेवा, काही आठवड्यांत संपतोच."

घड्याळाच्या सेलाचं असं नसतं हो. मला काय ठाऊक!

आत गेलो तर ताईंनी हिचा हात धरला होता आणि डोळे मिटले होते. ही अजून मान डोलवत होती. ताईंनी ते डोळे पुन्हा उघडले नाहीत. दुपारी त्या गेल्या.

सगळं उरकून घरी येताना नवं पाकीट घेतलं. एकच स्टिकर काढला, मशीन तिच्या कानात बसवलं.

"येतंय ऐकू," ती म्हणाली.

मग मी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. म्हटलं, "अगं, भांड माझ्याशी. चार शिव्या घाल, पण बोल काहीतरी."

ती भांडली नाही.

"ताई खूप वेळ बोलत होती हो," ती म्हणाली. "मी सगळ्याला हो म्हटलं."