मार्गोनं हरावं म्हणून

राष्ट्रीय पुरस्काराच्या अंतिम पाच कादंबऱ्यांत माझ्या बहिणीचं, मार्गोचं, पुस्तक आलं तेव्हा आमचं अख्खं डुलूथ गाव खूश झालं. आई तेवढी नाही. ॲपल-पायची पारी लाटता लाटता म्हणाली, "हरू दे बाई तिला."

"आई! असं कुणी म्हणतं?"

"जिंकली की गावोगाव फिरवतील. हरली तर थँक्सगिव्हिंगच्या सणाला घरी तरी येईल. तीन वर्षं झाली."

मी कडेवरच्या नेलला थोपटत राहिले. मार्गोनं माझ्या लेकीला अजून पाहिलंही नव्हतं.

मार्गो जिंकली. त्या वर्षीची सर्वोत्तम अमेरिकी कादंबरी! मालवाहू जहाजावरच्या स्वैपाकिणीची गोष्ट, म्हणजे आमच्या आईचीच. कॉम्प्युटरवर समारंभ बघताना आईनं डोळे पुसले. "पुस्तकातल्याइतकी रडकी नव्हते हं मी. कांदे चिरायचे असायचे ढीगभर."

आठवड्याभरात फोन आला. "आई, या थँक्सगिव्हिंगला नाही गं जमत. दौरा लागलाय."

"असू दे. जेवलीस का?" आईनं एवढंच विचारलं. सणाच्या दिवशी टर्की कापताना मात्र मार्गोच्या आवडीचा तुकडा तिनं बाजूला काढला, आणि दुसऱ्या दिवशी तो कुणालाही खाऊ दिला नाही.

डिसेंबरात मार्गो मिनीॲपोलिसच्या पुस्तकाच्या दुकानात सह्या द्यायला येणार असं कळलं. "गाडी काढ," आई म्हणाली.

रांग दारापर्यंत होती. दुकानातली मुलगी प्रत्येकाला पिवळी चिठ्ठी देत होती. तिच्यावर आपलं नाव लिहून ती पुस्तकात चिकटवायची, म्हणजे लेखिकेला विचारत बसायला नको. आईनं माझं पेन घेतलं. मी डोकावले.

"आई, हे काय नाव आहे?"

"गप. पुढं सरक."

मार्गोची मान खालीच. किती सह्या केल्या होत्या कोण जाणे. आईचं पुस्तक ओढून चिठ्ठीवरचं तिनं तसंच उतरवायला घेतलं: 'घरी कधी येतेस यांस, सप्रेम...'

पेन थांबलं. तिनं वर पाहिलं.

"पूर्ण कर की," आई म्हणाली. "मागं लोक खोळंबलेत."

मार्गोनं टेबलावरून हात पुढे केले. आईनं माझ्याकडून नेलला घेतलं नि त्या हातांत दिलं. मार्गो तिच्या टोपीत नाक खुपसून कितीतरी वेळ तशीच राहिली.

"मार्चमध्ये, आई. त्याआधी नाही सोडणार मला."

"तेही लिही त्यात."

एका हातानं नेलला सावरत मार्गोनं लिहिलं. अक्षर फार वेडंवाकडं आलं.