भांगेचं तेल

पुस्तकबांधणीच्या खोलीत चिमणी छापील कागद दुमडायची आणि मी ते शिवायचे. डबा खाऊन झाला की ती उजवा हात माझ्या मांडीवर ठेवायची, मी तिचं दुखरं मनगट दाबायचे. अकरा वर्षं हे असंच चाललेलं. तापामुळे मी आठ दिवस घरी राहिले काय, आज जेवण झाल्यावर तिचा हात गेला नव्या डिंकवालीच्या मांडीवर!

डिंकवालीने छोट्या बाटलीतून हिरवट तेल घेऊन मनगटाला चोळलं.

"कसलं गं ते?"

"भांगेचं. आमच्या आईला डॉक्टरांनीच लिहून दिलंय."

"भांगाचं तेल मनगटाला? तिथे केस उगवायचेत का?"

दोघी खो खो हसल्या. चिमणी म्हणाली, "अगं बये, डोक्यातला भांग नाही, नशेची भांग!"

"मग चढेल की तुला."

"चोळून कुठे चढते?" डिंकवाली म्हणाली. "चार दिवसांत कळ गेली की नाही, सांग गं चिमणे!"

चिमणे! एवढ्यात? इथे माझ्या पोटात दुखायला लागलं, आणि त्यावर कुठल्याच बाटलीत तेल नव्हतं.

मी सुईत दोरा ओवायला घेतला. दोनदा चुकला. तेवढ्यात चिमणीने आपला डावा हात माझ्या मांडीवर ठेवला.

"हा कधीपासून दुखतो?"

"नाही दुखत. तू दाब."

मी दाबू लागले. डिंकवाली बाटलीचं झाकण लावत आमच्याकडे बघत होती. तिने नीट बघावं म्हणून मी जरा जास्तच वेळ दाबला.