काबरीच्या गळ्यातली घंटा

चैत्र सरत आला होता. सकाळी सकाळीच धावजीची अन् त्याच्या लेकाची, भावसिंगची, घंटेवरून जुंपली.

घंटा म्हणजे काही बाजारातली नव्हे. धावजीच्या बापाच्या लदेणीतल्या पुढच्या बैलाची ती पितळी घंटा, नारळाएवढी. त्या काळी बंजारे बैलांच्या पाठीवर मीठ अन् धान्य लादून मुलूख पालथा घालायचे. शेकडो बैलांची धूळ अशी उठायची की मागच्याला पुढचा दिसत नसे. सगळा तांडा घंटेच्या नादावर चालायचा. मग आगगाडी आली, लदेणी बसली अन् तांडा उमरखेडकडच्या या माळावर कायमचा उतरला. बैल गेले, गोण्या गेल्या, घंटा तेवढी राहिली. आता ती काबरी गाईच्या गळ्यात होती. काबरीच्या मागं सात जनावरं, अन् त्यांच्या मागं धावजी.

धावजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. ऊन कुठं अन् सावली कुठं, एवढंच त्याला कळायचं. तरी म्हातारा घरी बसायला तयार नव्हता. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असं सून रामीबाई म्हणायची. रोज सकाळी तो काबरीच्या पाठीवर हात ठेवायचा, तेव्हाच ती दारातून पाऊल उचलायची. जंगल त्याला पायांनी पाठ होतं. कोणत्या नाल्यात वैशाखातही दोन हात वाळू उकरली की पाणी लागतं, वाघ जवळ असला की गुरं कशी दाटीनं चालतात, हे त्याला डोळसांपेक्षा जास्त ठाऊक. दुपारी गुरं बसली की तोही झोपायचा. काबरी उठली की घंटा वाजायची, घंटा वाजली की म्हातारा उठायचा. एवढ्या हिशोबावर त्याची तीन वर्षं सुखात गेली होती.

पण मागच्याच आठवड्यात जंगलखात्याच्या नाकेदारानं शेजारच्या हरिसिंगची गुरं राखीव जंगलात धरली अन् कोंडवाड्यात नेऊन घातली. महाराष्ट्र झाला त्याचं ते दुसरं साल. कायदे नवे की जुने हे तांड्यात कोणाला ठाऊक नव्हतं, कोंडवाडा मात्र सगळ्यांना ठाऊक होता. तेव्हापासून घंटा वाजली की भावसिंग नाक्याच्या वाटेकडं बघायचा.

"बा, घंटा काढून ठेव. नाकेदाराले कोसभर आयकू जाते," तो म्हणाला.

"मंग मी कायच्या मागं जाऊ? तुह्या भेवाच्या?"

बोलणं वाढत गेलं. शेवटी भावसिंगच म्हणाला, आज मी संग येतो. रामीबाईनं आपल्या जुन्या लाल फेटियाच्या, म्हणजे घागऱ्याच्या, फडक्यात दोघांची भाकर बांधून दिली.

दुपारी नाल्याच्या काठी गुरं सावलीला बसली. भाकर खाऊन धावजी टेंभुर्णीखाली आडवा झाला. भावसिंग पाणी बघायला नाल्यात उतरला तर वाळूत बुटाचे ताजे ठसे. टाचेला खिळे मारलेले बूट. असे बूट त्या जंगलात एकाच्याच पायात होते.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तसं त्याचं झालं. काबरीनं मान हलवली तरी नाकेदार येऊन उभा राहील असं त्याला वाटायला लागलं. त्यानं भाकरीचं फडकं फाडलं, घंटेत कोंबलं, आत टोले देणाऱ्या लोळीला गच्च गुंडाळलं. बापाला उठवावं का? उठवला तर म्हातारा भांडेल, अन् त्याचा आवाज घंटेपेक्षा मोठा. त्यापेक्षा नाकेदार कुठं गेला ते पाहून यावं, अन् बा उठायच्या आत फडकं काढावं, असा विचार करून तो ठशांच्या मागं निघाला. ठसे नाल्यानं दूर गेले होते. ते पार टेकडीआड गेलेले पाहून त्याचा जीव भांड्यात पडला. पण तो माघारी आला तोवर ऊन कललं होतं. टेंभुर्णीखाली ना गुरं ना बाप.

घरी गेले असतील म्हणून तो तांड्यावर आला. गुरं दारात उभी होती. काबरी रवंथ करत होती, मान हलवत होती, अन् घंटेतून आवाज निघत नव्हता.

"बा कुठी हायेत?" रामीबाईनं विचारलं. मग तिची नजर घंटेतल्या लाल फडक्यावर गेली अन् तिनं आत जाऊन टेंभा पेटवला.

सगळा तांडा टेंभे घेऊन रात्रभर ओरडत फिरला. दुसऱ्या दिवशीही फिरला. माणसांचे घसे बसले. तिसऱ्या दिवशी पहाटे भावसिंगनं घंटेतलं फडकं ओढून काढलं अन् घंटा स्वतःच्या गळ्यात बांधली. हरिसिंगला वाटलं याचं डोकं फिरलं. भावसिंग बैलासारखी मान हलवत निघाला. पाऊल टाकायचा, थांबायचा, कान द्यायचा. रडू येत होतं, पण रडण्याच्या आवाजात बापाची हाक बुडेल म्हणून तो रडला नाही.

दोन टेकड्या ओलांडून, जिथं तांड्याची गुरं कधी जात नाहीत, तिथल्या कोरड्या नाल्यात म्हातारा सापडला. त्यानं पाण्यासाठी वाळूत हातानं कोपरभर खोल झिरा उकरला होता. नखं फुटली होती. खाली वाळू नुसती ओली झालेली, त्यात पागोट्याचं टोक भिजवून तो चोखत होता. त्यावरच दोन दिवस त्यानं जीव धरला होता.

"काबरी?" त्यानं विचारलं.

"मी हाय बा. भावसिंग."

"मंग घंटा कोनाच्या गळ्यात हाय?"

"माह्या."

म्हातारा पागोट्याचं टोक सोडून उठून बसला. मग हळूहळू सांगू लागला. "उठलो तं घंटा नाई. म्हटलं, वाघानं धरली असन काबरीले. तिकडं काई खुडबुडलं, तिकडं गेलो. मंग इकडं आलो. तिले टाकून घरी कोन्या तोंडानं येऊ?"

वाट चुकली म्हणून नव्हे, तर गाय शोधत म्हातारा खोल खोल जात राहिला होता. भावसिंगला भूमी पोटात घेईल तर बरं असं झालं. काबरी जिती हाय, दावणीले बांधली हाय, असं तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला अन् खरं वाटावं म्हणून त्यानं घंटा बापाच्या हातात दिली. म्हाताऱ्यानं ती चाचपली. बोट आत गेलं. लोळीच्या कडीला लाल फडक्याचा एक धागा अडकून राहिला होता. रंग त्याला दिसला नाही, पण धागा त्यानं दोन बोटांत धरून कितीतरी वेळ चोळला.

"नाकेदाराले भ्याला का?"

"हो बा."

"मले सांगून भ्याचं होतं, लेका."

एवढंच. ना शिवी दिली, ना हात उगारला. शिवी दिली असती तर भावसिंगला बरं वाटलं असतं.

त्यानं बापाला संगं आणलेलं पाणी पाजलं अन् पाठीवर घेतलं. घंटा पुन्हा भावसिंगच्या गळ्यात वाजत होती. थांबला की पाठीवरून म्हातारा पुटपुटायचा, वाजू दे. तांड्याजवळच्या मोहाखाली भावसिंग दम घ्यायला थांबला, तेव्हा पाठीवरून काही आवाज आला नाही. तो तसाच घंटा वाजवत घरापर्यंत गेला.

म्हाताऱ्याच्या मातीला चार दिवस झाल्यावर नाकेदार पुंडलिकराव दारात आला. डोक्यावरची टोपी काढून ओट्याच्या कडेला बसला. रामीबाईनं पाणी दिलं.

"घंटा आयकू येईना, तं मले वाटलं बुढा बिमार पडला," तो म्हणाला. "तीन साल झाले, थे इकून वाजली की मी तिकून जात होतो. हरिसिंगच्या गुराईनं नवी रोपं खाल्ली, म्हनून धरली. आंधळ्या मानसाले कायले अडवू? त्या दिवशी बी घंटा आयकली, म्हनून तं नाला धरून दूर निंघून गेलतो."

भावसिंग खाली मान घालून ऐकत होता. रामीबाईनं एकदा नवऱ्याकडं पाहिलं अन् पदर तोंडात धरून आत गेली.

दुसऱ्या दिवशी भावसिंगनं गुरं सोडली. काबरी दारातून हलेना. त्यानं हाकललं, पाला दाखवला, शेवटी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिनं मान वळवून हात हुंगला, थोडा वेळ उभी राहिली, अन् मग चालू लागली. दिवसभर राखीव जंगलात घंटा मोकळी वाजत होती. कोणी अडवायला आलं नाही. दुपारी गुरं टेंभुर्णीखाली बसली अन् उन्हं कलताना काबरी उठली. घंटा वाजली. भावसिंगनं नकळत टेंभुर्णीकडं पाहिलं, बा उठला का म्हणून.