थोरलीचा गज

दुकानात विकायची व्हायोलिनं चाळीस होती आणि न विकायचं एक. ते काचेच्या कपाटात किमतीच्या चिठ्ठीसकट टांगलेलं असे, कारण गल्ल्यावर बायको बसायची आणि दुकानातली वस्तू विकायलाच असते असं तिचं ठाम मत होतं. दुकानदार त्या व्हायोलिनला ‘थोरली’ म्हणायचा. गिऱ्हाईक कपाटाकडे वळलं, की तो हातातलं काम टाकून मागोमाग धावायचा.

उघड नाही म्हणायची सोय नव्हती. मग त्याने डोकं चालवलं. गजाच्या केसांना राळ घासली तर ते तार धरतात आणि आवाज निघतो. थोरलीच्या गजाला तो राळेऐवजी अंगाचा साबण घासून ठेवी. गिऱ्हाईक गज ओढी, थोरली नुसतं ‘हुस्स’ करी, आणि गिऱ्हाईक नाक मुरडून दुसरं व्हायोलिन घेऊन जाई. अकरा वर्षं हे बिनबोभाट चाललं.

मग एका सकाळी दातांचे डॉक्टर आले. त्यांनी थोरली हनुवटीखाली धरली, डोळे मिटले आणि डोलत डोलत पाच मिनिटं हुस्स हुस्स केलं.

“वा!” ते म्हणाले.

“वा काय? काही ऐकू आलं का?”

“काहीच नाही!” डॉक्टरांनी थोरलीवरून मायेने हात फिरवला. “अहो, मी वाजवायला लागलो की वरचे काका काठी आपटतात. बायको बहिणीकडे जाते. खुर्चीतला पेशंट म्हणतो, त्यापेक्षा दात उपटा. असं समजूतदार व्हायोलिन मी जन्मभर शोधतोय. बांधा!”

“ऐकलंत ना?” गल्ल्यावरून आवाज आला. “बांधा.”

दुकानदार पेचात पडला. खरं बोलावं तर लबाडी उघडी पडणार, गप्प बसावं तर थोरली जाणार.

“डॉक्टर, ही कधीकधी आवाज करते हं.”

“कधी?”

“लहर आली की,” म्हणत त्याने भिंतीवरचा दुसरा गज ओढला, त्याला राळ फासली आणि जीव तोडून वाजवायला लागला. थोरली अशी गायली, की रस्त्यावरचा सायकलवाला उतरून दारात उभा राहिला. बायको नोटा मोजता मोजता थांबली.

डॉक्टरांनी कानांवर हात ठेवले. “छे! हिला फारच आवाज आहे.”

“तेच तर सांगतोय!”

“मग राहू द्या. व्हायोलिन आहे माझ्याकडे.” त्यांनी मघाचा गज छातीशी धरला. “हा तेवढा द्या. गुण याच्यातच दिसतोय.”

डॉक्टर शीळ घालत गेले. दुकानदाराने थोरली कपाटात टांगली आणि खाली मान घालून उभा राहिला. बायको उठून आली. तिने थोरलीची चिठ्ठी ओढून काढली आणि फाडून टाकली.

“रोज सकाळी असंच वाजवायचं,” ती म्हणाली. “आणि न्हाणीघरातला साबण आता न्हाणीघरातच राहू दे. महिन्याला तीन वड्या लागतात, आणि अंग तर तुमचं तसंच!”