पेढा की बर्फी

द्वारकाजींनी कुत्र्याच्या पिल्लाच्या बगलांत हात घालून ते उचललं आणि त्याचं पोट थेट कौमुदीच्या तोंडासमोर धरलं.

"ये देखिए मैडम. ये नर है."

नराला हा जाहीर तपास पसंत पडला नसावा. त्यानं द्वारकाजींच्या मनगटावर बारीक धार सोडली. द्वारकाजींनी हात पायजम्याला पुसला, "लो, आशीर्वाद मिल गया," म्हणाले आणि पिल्लू पुन्हा पोत्यावर ठेवलं. कौमुदीला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं होतं, म्हणून तिनं शुभंकरकडे वळून बघितलं. तो कडुनिंबाला टेकून, ढब्बूचा पट्टा मुठीत आवळून, समोरच्या भिंतीकडे बघत उभा होता.

"हाच घेऊ," तो म्हणाला. "चल, निघू."

"अरे, दुसरं तर बघू दे."

"त्यात काय बघायचंय? नर घ्यायचा असं ठरलंय."

"तू ठरवलंयस. मला कुणी विचारलं?"

द्वारकाजींना मराठी कळत नव्हतं, पण नवरा-बायकोचं भांडण कळायला भाषा कशाला लागते! ते दोन पावलं बाजूला झाले आणि वर झाडात अडकलेल्या पतंगाकडे बघत राहिले. आमेरच्या प्रत्येक गच्चीवर त्या सकाळी पोरं चढलेली होती. संक्रांत परवावर आली होती.

हा सगळा खटाटोप ढब्बूसाठी चालला होता. शुभंकर जयपूरच्या विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातल्या एका पंपांच्या कारखान्यात इंजिनिअर. तिथल्या गेटवर हा कुत्रा त्याला सापडला. लग्न होऊन कौमुदी सोलापूरहून जयपूरला आली, तेव्हा घरात सासू नव्हती, ढब्बू होता. तिनं कपाळाला हात लावला होता. महिन्याभरात तो तिच्याच पायाशी झोपायला लागला. खाऊन खाऊन पोट सुटलेलं, म्हणून ढब्बू. आता त्या नावाला काही अर्थ उरला नव्हता, बरगड्या दिसायला लागल्या होत्या. कौमुदीचं पोट वाढत होतं तेव्हा तो त्या पोटाला कान लावून दुपारच्या दुपार पडून राहायचा. मार्चमध्ये ती दवाखान्यातून रिकामी परत आली. त्यानं तिला वरपासून खालपर्यंत हुंगलं आणि मग दारात जाऊन बसला. अजून कुणीतरी यायचं राहिलंय, असं त्याला वाटलं असावं. त्या दिवसापासून त्याचं खाणं निम्म्यावर आलं.

जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, अकेला पड़ गया है, दुसरा आणा. आणि हेही बजावलं की पहिला नर आहे तर दुसरी मादी आणा, दोन नर घरात एकमेकांना भिडतात. इंटरनेट तेच सांगत होतं. खालच्या मजल्यावरच्या शर्मा आंटी तेच म्हणत होत्या. सोलापूरहून सासूबाईंनीसुद्धा फोनवर "मादीच बघा गं, मायाळू असते," म्हणून सांगितलं. सगळं जग एकीकडे आणि शुभंकर एकीकडे. एरवी भाजी कुठली करू विचारलं तर "काहीही" म्हणणारा माणूस, पण इथं हट्टालाच पेटला. मादी नको. का नको, तर एकदा म्हणाला, त्या फार आजारी पडतात. एकदा म्हणाला, दोन नर भावांसारखे राहतील. नंतर कारण द्यायचंही सोडून दिलं.

आज सकाळी गाडीत कौमुदीचा तोल सुटला.

"कुत्रासुद्धा मुलगाच पाहिजे का रे तुला?"

शुभंकरनं गिअर बदलला. आमेरचा चढ लागला. मागच्या सीटवर ढब्बू तेवढा सुस्कारे सोडत होता.

कौमुदीच्या मनातलं हे आजचं नव्हतं. फेब्रुवारीत राजा पार्कच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये तिचं डोहाळजेवण झालं. सासूबाई आल्या होत्या. शुभंकरच्या ओळखीतल्या, लष्करी छावणीत राहणाऱ्या साधनाकाकूंनी जयपुरात सापडतील तेवढ्या मराठी बायका गोळा केल्या होत्या. पाटासमोर दोन वाट्या ठेवल्या, दोन्ही झाकलेल्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. शर्मा आंटींना हा खेळ इतका आवडला की त्या पाटाशेजारीच मांडी घालून बसल्या. कौमुदीनं उगाच भाव खाल्ला, या वाटीवरून त्या वाटीवर हात फिरवला आणि डावीकडची उघडली. पेढा! बायकांनी टाळ्या पिटल्या, सासूबाईंनी तिच्यावरून बोटं ओवाळून कडाकडा मोडली आणि शुभंकरनं दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली की ढब्बू भुंकत सुटला. ती शिट्टी कौमुदीच्या कानात राहून गेली. पुढं पुढं ती सलायला लागली.

कारण महिना उलटायच्या आत सगळं संपलं. अवेळी कळा, रक्त, मध्यरात्रीची धावपळ, ऑपरेशन. भूल उतरली तेव्हा शुभंकर खाटेजवळ उभा होता. त्याच्या तोंडाकडे बघूनच ती समजली.

"नाही राहिलं ना?"

"नाही."

तो पुढं काहीतरी बोलणार होता. तिनं सलाईन लावलेला हात वर केला.

"मुलगा की मुलगी, सांगू नकोस. कधीच सांगू नकोस. कळलं तर मी नाव ठेवीन, आणि नाव ठेवलं की मला जगता यायचं नाही."

त्यानं सांगितलं नाही. दवाखान्याची फाइल घरी आणली नाही. तिची आई फोनवर खोदून खोदून विचारायची, तिलाही त्यानं दाद दिली नाही. एका बाबतीत मराठी भाषा मोठी दयाळू आहे, बाळ 'ते' असतं. ते असतं तर आता बसायला लागलं असतं, एवढं वाक्य त्या घरात सुखरूप बोलता यायचं. हिंदीत ही सोय नाही, तिथं 'था' नाहीतर 'थी'. म्हणून शर्मा आंटी समजूत घालायला आल्या की शुभंकर घाईघाईनं "आंटी, चाय लेंगी?" म्हणून मध्ये पडायचा. परवाच्या संक्रांतीला बाळाचं बोरन्हाण झालं असतं. कौमुदीनं बाजारातून बोरं आणली नाहीत आणि शुभंकरनं विचारलं नाही.

पण मन कुणाचं ऐकतं? पेढा निघाला होता, म्हणून कौमुदीनं आतल्या आत मुलगाच धरला होता. याचा मुलगा गेला म्हणून हा असा मुका झालाय, हेही तिनं ठरवून टाकलं होतं. आणि आता नराचा हट्ट. गेलेल्याच्या जागी आणतोय, दुसरं काय! मुलगी गेली असती तर याला इतकं लागलं असतं का, असा प्रश्न तिला पडायचा. असले प्रश्न पडतात म्हणून ती स्वतःवरच चिडायची आणि मग त्याच्यावर चिडायची.

"और ये छोरी," द्वारकाजी म्हणाले. पोत्याच्या कोपऱ्यात आईच्या शेपटीआड एक पांढरट गोळा झोपला होता. त्यांनी तो उचलला. "इसको कोई नहीं ले जा रहा. जो आता है, पहले नर ही उठाता है."

"ऐकलंस?" कौमुदी शुभंकरला म्हणाली. "सगळीकडे तेच."

तेवढ्यात पिल्लांची आई उठली. इतका वेळ तिनं ढब्बूला खपवून घेतलं होतं, पण त्यानं नाक पोत्याकडे नेलं तशी ती गुरगुरली. ढब्बू मागं सरला, पट्टा शुभंकरच्या मुठीतून सुटून झाडाला गुंडाळला गेला. कौमुदीनं धावत जाऊन तो धरला. द्वारकाजींना दोन्ही हात मोकळे हवे होते. शुभंकर नको-नको म्हणायच्या आत त्यांनी पिल्लू त्याच्या हातात ठेवलं.

"पकड़ो साहब. मैं इसकी माँ को बाँध के आता हूँ."

कौमुदी पट्टा सोडवत होती. सोडवता सोडवता तिनं वर बघितलं आणि तिचा हात थांबला.

ढब्बूला उचलायचं तर शुभंकर गव्हाच्या पोत्यासारखा काखेत मारायचा. पिल्लू त्यानं तसं धरलं नव्हतं. त्यानं ते उताणं घेतलं होतं. एक तळवा मानेखाली, बोटं पसरून. दुसरा हात खालून. कोपर पोटाशी घट्ट. कुणीतरी नीट शिकवल्याशिवाय पुरुषमाणूस असं धरत नाही. पिल्लानं जांभई दिली. शुभंकरनं मानेखालचा तळवा थोडा वर घेतला.

"एवढीच होती," तो म्हणाला.

तो कुणाशीच बोलत नव्हता. द्वारकाजी परत आले होते, त्यांनी त्याच्या हातांकडे बघून आपल्या परीनं अर्थ लावला.

"छोटी है अभी. बढ़ जाएगी साहब. दो महीने में देखना, हाथ में नहीं आएगी."

शुभंकरनं मान हलवली. मग त्याच्या लक्षात आलं की आपण काय बोललो. पिल्लू तर हातात होतं, जिवंत, त्याला कुणी 'होती' म्हणत नाही. त्यानं घाबरून कौमुदीकडे बघितलं. चोरी पकडल्यावर लहान मूल बघतं तसं.

कौमुदीनं पट्टा सोडला. ढब्बू कुठंही गेला नाही.

"कौमुदी, मी... माझ्या तोंडून निघून गेलं गं."

द्वारकाजी "मैं कपड़ा लाता हूँ, ठंड है," असं म्हणून आत गेले. शेजारच्या गच्चीवर पोरं ओरडली, कुणाचा तरी पतंग कापला गेला होता.

"म्हणून मादी नको होती मला," शुभंकर म्हणाला. "घरात रोज म्हणावं लागलं असतं. ती उठली, ती जेवली, ती झोपली. कितीदा जीभ आवरणार मी? एक दिवस तुझ्यासमोर निघालंच असतं. आज निघालंच की."

"तू हातात घेतलं होतंस?"

"तू भुलीत होतीस. थोडा वेळ होती ती. सिस्टर म्हणाली, पापा, आप ले लो. मला धरता येईना. मग तिनं दाखवलं, मान कशी धरायची ते."

कौमुदीला रडू आलं नाही. इतके महिने ज्या प्रश्नापासून ती पळत होती तो मागं पडला होता आणि दुसराच पुढं आला होता. तो विचारल्याशिवाय तिला इथून हलता येणार नव्हतं.

"केस होते?"

"खूप. काळेभोर. इथं कपाळावर आलेले." कपाळाला हात लावायला त्याचा हात मोकळा नव्हता. "सिस्टर म्हणाली, मम्मी पे गई है."

आता मात्र तिला रडू आलं. ती तिथंच, कडुनिंबाच्या पारावर बसली आणि ओढणी तोंडात धरून रडली. शुभंकर पिल्लू तसंच धरून समोर उभा राहिला. तोही रडत होता, पण डोळे पुसायला त्यानं हात सोडवला नाही. ढब्बू एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघून शेवटी दोघांच्या मध्ये बसला.

"मी तुला काय काय बोलले," कौमुदी म्हणाली. "सकाळी गाडीत. कुत्रासुद्धा मुलगाच पाहिजे का म्हणाले."

"असू दे."

"असू दे काय? ऐकून घेतलंस. एकदा तरी ओरडायचंस की माझ्यावर."

"तू सांगू नको म्हणाली होतीस ना."

द्वारकाजी जुन्या शालीचा तुकडा घेऊन आले. दोघांचे डोळे बघून ते उंबऱ्यातच थबकले. त्यांना वाटलं असावं, भांडण वाढलं. जरा चाचरतच त्यांनी विचारलं.

"तो साहब, क्या तय किया? नर या मादी?"

शुभंकरनं कौमुदीकडे बघितलं. तिनं नाक पुसलं, शाल मागून घेतली आणि मांडीवर पसरली.

"कुत्रीच आहे ती, मला माहितीये," ती शुभंकरला म्हणाली. "उगाच काहीतरी मनात आणू नकोस. पण दे इकडे तिला. तू कसं धरलं होतंस तसं दे. मला बघायचंय."

तो वाकला. कोपर पोटाशी धरून, दोन्ही हातांनी त्यानं पिल्लू तिच्या मांडीवर ठेवलं. आधी खालचा हात काढला. मानेखालचा हात त्यानं बराच वेळ काढला नाही, कौमुदीचा तळवा खाली येईपर्यंत.