दोराला हात

तिसरी केमो घ्यायची नाही असं अप्पांनी ठरवलं, तेव्हा त्रासाचं नावही काढलं नाही. म्हणाले, "दर वेळी कोणाची तरी गाडी, कोणाचा तरी दिवस. गौरजा, मी आयुष्यात कोणाचं काही घेतलेलं नाही."

ते खरं होतं. मिठबावच्या शाळेत पस्तीस वर्षं शिकवलं, पण कोणाच्या घरचा नारळही घेतला नाही. निवृत्तीनंतर सहा वर्षांनी पोटात गाठ निघाली. आई आधीच गेलेली; मी रजा टाकून पुण्याहून आले होते. शेजारच्या शेवंतीकाकू रोज पेजेचा डबा पाठवायच्या आणि अप्पा तो तसाच परत करायचे. शेवटी त्या कुंपणाशी येऊन ओरडल्या, "गुरुजीनू, माझ्या पेजेक वास येता काय?" अप्पा आत जाऊन बसले.

तारीख उद्यावर आली. मी भांडले, रडले. अप्पा म्हणाले, "चल, किनाऱ्यावर जाऊन येऊ."

रापण लागली होती. समुद्रात सोडलेलं लांबलचक जाळं तीसेक माणसं दोन्हीकडून दोर धरून वाळूवर ओढत होती. रापणीचा म्होरक्या धोंडू अप्पांचा जुना विद्यार्थी. तो ओरडला, "गुरुजीनू, उभे काय रवलास? दोराक हात लावा!"

ओढायचं बळ कुठून असणार? अप्पांनी दोर नुसता धरला आणि इतरांबरोबर चार पावलं मागे सरकले. तेवढ्यानेही धाप लागली.

जाळं वर आलं, मासळीचे वाटे पडले. धोंडूने सहा बांगडे पिशवीत घालून अप्पांसमोर धरले. अप्पांनी हात मागे घेतले. "मी ओढलं कुठे?"

"दोराक हात लावल्यान तेका वाटो. कोणी किती ओढल्यान ता आमी कधी बघूक नाय. मार्क देऊक ही काय तुमची शाळा नाय."

"आणि तेवा तरी खंय दिलास पुरे मार्क!" मागून कोणीतरी म्हणालं. सगळे हसले.

नियम मोडणं अप्पांना कधी जमलं नव्हतं, आणि हा रापणीचा नियम होता. त्यांनी पिशवी घेतली. परतताना ती शेवंतीकाकूंच्या हातात दिली आणि म्हणाले, "याचं तिखलं कर. गौरजाला आवडतं. मला पेज चालेल."

पुढे अकरा महिने मिळाले. त्यात गावातल्या किती जणांचे दिवस होते, मी मोजले नाहीत.

रापणीच्या त्या संध्याकाळी अप्पांनी स्वतः निलेशला फोन लावला. आधी दोनदा त्यांना केमोसाठी कोल्हापूरला घेऊन गेलेला, चाळिशी ओलांडलेला निलेश. तोही त्यांच्याच वर्गातला.

"उद्या किती वाजता निघायचं रे?"

"पाचाक. उशीर केलास तर अंगठे धरूचे लागतले, गुरुजी."

अप्पा इतके हसले की ठसका लागला. मी पाणी दिलं.