वेसाव्याच्या फळीवरची रिकामी बाटली

मित्रांनो, फळीवर धूळ खात पडलेली म्हातारी वस्तू दिसली की लोक तिची कीव करतात. माझी करू नका. बाळाला दूध पाजायची काचेची जुनी बाटली आहे मी. होडीसारखी लांबट, दोन्ही टोकांना तोंडं, त्यातल्या एकावर रबरी बोंड, दुसऱ्यावर रबरी झाकण. बोंड कधीच झिजून गेलं. कित्येक वर्षं माझ्यात दुधाचा थेंब पडलेला नाही, आणि त्याचा मला अभिमान आहे. का, ते ऐका.

भट्टीतल्या लालबुंद काचेतून मी जन्मले आणि पेंढ्यात गुंडाळून अंधेरीच्या एका औषधांच्या दुकानात आले. तिथे भिंतीवर रंगीत चित्र होतं. गुबगुबीत बाळ, आणि त्याच्या हातात माझ्यासारखीच बाटली. बाळाच्या आईचा चित्रात पत्ताच नव्हता. ते कुणाला खटकलं नाही.

मला अंधेरीतच राहणाऱ्या विद्याधर नावाच्या गृहस्थांनी घेतलं. ते फोर्टातल्या एका कचेरीत नोकरीला होते. त्यांची बायको कुंदा नुकतीच बाळंत झाली होती आणि मुलीचं नाव अनुपमा ठेवलं होतं. कुंदाला दूध भरपूर येत होतं. पण तिच्या सासूबाई, वसुधाबाई, म्हणाल्या, "आता शिकलेल्या घरांत बाटलीच देतात. मोलकरणीसारखं अंगावर काय पाजत बसायचं?" कुंदा मॅट्रिक झालेली, तरी तिने त्यांचं ऐकलं. तिने छातीला घट्ट फडकं बांधलं आणि दूध आटेपर्यंत तापाने फणफणत पडून राहिली.

माझे मात्र त्या घरात लाडच लाड. घरात नळ होता, स्टोव्ह होता, मला घासायला वेगळा ब्रश होता. प्रत्येक वेळी उकळत्या पाण्यातून काढल्याशिवाय मला कुणी हात लावत नसे. दुधाच्या पावडरचा डबा परदेशी. अनुपमाला साधी शिंक आली तरी डॉक्टर टांग्याने घरी हजर. पोर छान बाळसं धरून वाढली. येणारे-जाणारे म्हणत, काय गुटगुटीत आहे हो, बाटलीची कमाल! अहो, कसली माझी कमाल? ती कमाल त्या नळाची, स्टोव्हची आणि टांग्यातून येणाऱ्या डॉक्टरची. पण नळाचं कौतुक कोण करतो?

कुंदाच्या घरी मासे यायचे ते बाजारातल्या पर्पेच्युआकडून. पर्पेच्युआ वेसाव्याची, ख्रिस्ती वस्तीतली. नवरा सेबॅस्टियन होडीवर जायचा, सासू बेलामाय घरासमोर बोंबील वाळवायची. पर्पेच्युआला मुलगा झाला, बेसिल, आणि अंगात धड ताकद येण्याआधीच ती टोपली डोक्यावर घेऊन बाजारात परत आली. न येऊन सांगते कुणाला? ती घरी बसली तर चूल थंड.

"बाळ कुठाय गं?" कुंदाने विचारलं.

"सासूकडे, बाई. भुकेनं आकांत करतंय म्हणते."

दुसऱ्या दिवशी कुंदाने मला आणि अर्धा भरलेला डबा आणून तिच्या टोपलीत ठेवला. "माझी अनू ह्याच्यावरच वाढली," ती म्हणाली. मनापासून दिलं हो तिने, तिला बोल लावू नका. आणि पर्पेच्युआला वाटलं, मोठ्या घरचं दूध आपल्या पोराला मिळालं. सेबॅस्टियन मला बघून हसला. "ही तर आपली होडी. खाडीत सोडू या काय?"

सोडली असतीस तर बरं झालं असतं, बाबा.

आता त्या घरची रीत सांगते. बाई उन्हातून चालत आली की तिच्या अंगावरचं दूध तापतं आणि तापलेलं दूध बाळाला बाधतं, असं बेलामाय मानायची. तिला तिच्या सासूने तेच शिकवलं होतं. म्हणून पर्पेच्युआ दुपारी बाजारातून आली की आधी कुडाच्या आडोशाला जाऊन दूध पिळून मातीत टाकायची. आत पोर टाहो फोडतंय, बाहेर आई त्याचं अन्न मातीत घालतेय! आणि मग त्याच्या तोंडात कोण? मी.

माझ्यात काय होतं विचाराल तर लाज वाटेल. डबा लवकर संपू नये म्हणून पावडर चिमूटभर आणि पाणी गळ्यापर्यंत. तेही विहिरीचं, मचूळ. उकळणार कशावर? जळण कालवणापुरतंही नसायचं. अंगणात बोंबील वाळत होते, बोंबलांवर माश्या घोंगावत होत्या, आणि त्याच माश्या माझ्या बोंडावर येऊन बसत होत्या. मी तीच होते, जिचं अंधेरीत कौतुक झालं होतं. काचेला हातपाय असते तर मी त्या पोराच्या तोंडातून स्वतःहून उडी मारली असती.

बेसिलला हगवण लागली. डोळे खोल गेले, टाळू बसली, रडायलाही त्राण उरलं नाही. पर्पेच्युआ मला आणि डब्याला टोपलीत टाकून, त्याला उचलून दवाखान्यात धावली. डॉक्टरने माझ्याकडे आणि डब्याकडे पाहिलं. "एवढं पातळ करतात? डब्यावर लिहिलंय ना सगळं. वाचता येत नाही?"

"नाय येत," ती म्हणाली.

डब्यावरचं सगळं इंग्रजीत होतं. डॉक्टरने औषध दिलं, पाणी उकळून द्या म्हणाला आणि पुढच्या माणसाला हाक मारली. तिला स्वतःला दूध येतं का, हे त्याने विचारलंच नाही.

परतताना ऊन मी म्हणत होतं. वाटेत एका चिंचेखाली ती टेकली. बेसिल मांजराच्या पिल्लासारखा किंचित कुरकुरला आणि तेवढ्याने तिची चोळी ओली झाली. तिने मला टोपलीतून उचललं, माझ्यातलं ते पांढुरकं पाणी बघितलं आणि रस्त्यावर ओतून टाकलं. मग तिने पोराला पदराखाली घेतलं. भर दुपारी, उन्हातून चालत आलेल्या बाईने. तो थोडं प्याला, थांबला, पुन्हा प्याला. ओकला नाही. ती बराच वेळ त्याच्या तोंडाकडे बघत बसली.

घरी महाभारत झालं. बेलामाय म्हणाली, "उन्हाचं दूध पाजलंस? पोराला मारायचाय तुला?"

"म्हशी दिवसभर उन्हात चरतात, माय," पर्पेच्युआ म्हणाली. "त्यांचं दूध अख्खी अंधेरी पिते. ते नाय तापत? माझंच तापतं?"

"कर मनाला येईल ते. पोराला काय झालं तर मला तोंड दाखवू नको."

मित्रांनो, हे सोपं नव्हतं. पोर गेलं असतं तर सगळ्या वस्तीने तिलाच खुनी ठरवलं असतं. शिवाय पिळून फेकता फेकता दूध आटत आलं होतं. तरी ती हटली नाही. बेसिलला कडेवर बांधून बाजारात नेऊ लागली, दर थोड्या वेळाने पाजू लागली. कमी पडलं तर असावी म्हणून मीही टोपलीत असायचे, आता उकळून घेतलेली. त्यासाठी सेबॅस्टियन किनाऱ्यावरची वाहून आलेली लाकडं गोळा करून आणायचा.

बाजाराचा मुकादम सहदेव एकदा समोर येऊन उभा राहिला. "इथं बसून पाजू नको गं. गिऱ्हाईक बघतं."

"गिऱ्हाईक मासे बघायला येतं ना? मग त्याला सांग, मासे बघ."

सगळी रांग हसली. शेजारच्या विनीने आपली टोपली सरकवून तिला भिंतीच्या सावलीत जागा करून दिली. सहदेव मिशी चोळत निघून गेला.

त्याच सुमाराला कुंदा आली. "मी बाटली दिली होती ना तुला?"

"आहे ना, बाई. तुम्ही चांगल्या मनानं दिलीत. पण तिला तुमचा नळ लागतो, तुमचा स्टोव्ह लागतो. ते कुठून आणू?"

कुंदा पापलेट घ्यायला आली होती. ते विसरून ती तिथेच उभी राहिली, चुटूचुटू पिणाऱ्या बेसिलकडे बघत. "मला कुणी विचारलंच नाही गं," ती हळूच म्हणाली. पर्पेच्युआने तिला बसायला पाट दिला.

दूध वाढत गेलं, मी टोपलीत नुसतीच लोळू लागले. बेसिलची टाळू भरली, मांड्यांना वळ्या पडल्या. एका दुपारी पर्पेच्युआ त्याला घरी ठेवून गेली होती. ती उन्हातून आली आणि दारात घाम पुसत थांबली. तेव्हा बेलामाय पोराला घेऊन पुढे झाली. "उभी काय राहिलीस? भुकेलंय ते. घे." मला तिने त्याच दिवशी फळीवर ठेवून दिलं.

आता बेसिल पाद्रीबाबांच्या शाळेत जातो आणि कैऱ्या पाडतो. मला नावं ठेवू नका, मी वाईट नाही. ज्या बाळाला आई नाही, किंवा ज्या आईला खरंच दूध नाही, त्यांच्या घरी मी आनंदाने उकळत्या पाण्यात उतरेन. पण आईला चित्रातून पुसून टाकून मला गरिबाच्या झोपडीत धाडू नका. आधी तिला स्वच्छ पाणी द्या, सावली द्या, बसायला जागा द्या. मग मला विचारा.

परवा विनीची सून आली होती, कडेवर तान्हं घेऊन. "पर्पेच्युआमावशी, ती बाटली द्याल काय? उद्यापासून बाजाराला बसायचंय."

पर्पेच्युआने माझ्याकडे पाहिलंही नाही. "बाटली नाय देणार. पोराला घेऊन ये, माझ्या बाजूला भिंतीपाशी बस. सहदेवशी मी बोलते."

काल विनीची सून पोराला घेऊन तिथे बसली, असं बेलामाय सांगत होती. मी फळीवरच आहे.